देवा, जरा सरकून घ्या

बोंग-ची हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. आमच्या बेटावरच्या बोलीत त्याचा अर्थ 'असू दे, वाढवू'. मुलींवर मुली झाल्या की बाप कपाळाला हात लावून तेवढंच म्हणतो, आणि पोरीला तेच नाव चिकटतं. नाबे गावात एके काळी अशा बऱ्याच बोंग-ची होत्या. कुणी लग्नानंतर नाव बदललं, एकीने तर सरकारी कचेरीत जाऊन स्वतःला 'मोती' करून घेतलं. स्टेशनवरची बोंग-ची मात्र बोंग-चीच राहिली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "खेंगा, हे नाव आता अंगाला बसलंय बघ. नवं घेतलं तर टोचेल."

खेंगा म्हणजे मी. स्टेशनासमोर माझं केस कापायचं दुकान आहे, त्याआधी माझ्या बापाचं होतं. दुकानातल्या आरशात समोरचं स्टेशन पूर्ण दिसतं. केस कापताना माझी नजर आरशात असते, त्यामुळे ते स्टेशन मी जन्मभर उलटंच पाहत आलोय. बोंग-चीला मी चिम म्हणतो, म्हणजे काकू. आरशात ती डाव्या हाताने झाडायची.

स्टेशन जपान्यांनी बांधलं. त्यांना आमचा ऊस हवा होता आणि अलीशान डोंगरावरचं सायप्रसचं सुगंधी लाकूड हवं होतं. सगळा सायप्रस जहाजात बसून जपानला गेला. थोडा उरला, त्यातून आमचं स्टेशन उभं राहिलं. काळी कौलं, पुढे पोर्च, छपराखाली बैलाच्या डोळ्यासारखी गोल खिडकी. भर उन्हाळ्यात दुपारी भिंतीला नाक लावलं, तर लाकूड अजून वास देतं. चिमचा बाप तिथे झेंडा दाखवायच्या कामावर होता. जपानी स्टेशनमास्तर पांढरे हातमोजे घालायचा. कानाखाली मारायची असली, की आधी हातमोजा काढून नीट घडी करायचा, मग मारायचा. चिमचा बाप ही गोष्ट इतक्या कौतुकाने सांगायचा, की मार त्याने खाल्ला की दिला, तेच कळायचं नाही.

लढाईत अमेरिकन विमानं आली. पोर्चच्या खांबात गोळ्यांची भोकं पडली आणि मागच्या क्वार्टरचं छप्पर उडालं. जपानी हरले, बोचकी बांधून त्याच फलाटावरून गेले. मग समुद्रापलीकडून नवं सैन्य आलं. त्याने भिंतीवर हातभर उंचीची घोषवाक्यं रंगवली. त्या रंगाचा वास जायच्या आतच चिम जन्मली. छप्पर नसल्यामुळे घरचे तेव्हा स्टेशनातल्या सामानाच्या खोलीत राहत होते. सुईण बाहेर येऊन म्हणाली, मुलगी. बाप गाडीला झेंडा दाखवत होता. मान न वळवता म्हणाला, "असू दे. वाढवू."

ती वाढली ती स्टेशनातच. वेणी घालायच्या वयात तिच्या हातात खराटा आला. पुढे रेल्वेने तिला झाडूवाली म्हणून कायम केलं. लग्न रेल्वेतल्याच एका ब्रेकवाल्याशी झालं, तो क्वार्टरमध्ये घरजावई म्हणून राहायला आला. क्वार्टर म्हणजे स्टेशनाचीच मागची बाजू, एकाच छपराखाली. गावातली पोरं फौजेत जायची, पोरी काओश्युंगच्या कारखान्यात जायच्या. पोरींच्या आया माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडायच्या. चिम फलाटावर लाकडी पिंपातला चहा प्रत्येकीला पाजायची आणि गाडी गेली की रडून टाकलेले कागदी रुमाल झाडून काढायची. नवरा वारला, साखर कारखाना बंद झाला, तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकली. चिम निवृत्त झाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खराट्याचा आवाज आलाच. गावाचं घड्याळ तेच होतं.

मग उंच पुलावरून नवा रेल्वेमार्ग जाणार असं ठरलं. पुलाचा एक खांब बरोबर आमच्या स्टेशनाच्या छातीवर यायचा होता. स्टेशन पाडायचं, असं वरून आलं.

चिम पेटली. वर्षानुवर्षं तिने त्या स्टेशनासाठी काय केलं नाही ते विचारा. दर रविवारी फलाटावर फलक घेऊन बसायची. मंत्र्याची गाडी अडवली. माझ्या गिऱ्हाइकांना तोंडाला साबण लावलेला असताना ती सह्या मागायची, म्हणजे बिचाऱ्यांना नाही म्हणता यायचं नाही. शेवटी वरचे लोक नमले. स्टेशन पाडायचं नाही, ठरलं. अख्खं उचलून, खाली रूळ घालून, जुन्या वडाच्या बाजूला सरकवायचं. गो नावाचा इंजिनियर तैपेईहून आला. शांत माणूस, चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवणारा. गावाने फटाक्यांच्या माळा आणून ठेवल्या.

आणि सगळी तयारी झाल्यावर चिम म्हणाली, "स्टेशन हलवायचं नाही."

का, ते गावाला माहीत नव्हतं. तुम्हाला मी आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला कशाला. तिच्या सुनेला, सू-लानला, दिवस गेले होते. आधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. आमच्याकडे गरोदर बाई असली की घरात गर्भदेव येऊन राहतो. पंचांगात रोजची त्याची जागा दिलेली असते. आज दारात, उद्या चुलीपाशी, परवा पलंगाखाली. तो बसलेला असताना खिळा ठोकायचा नाही, भिंत फोडायची नाही, जड वस्तू हलवायची नाही. दुसऱ्या वेळी सू-लानच्या नवऱ्याने, बेंग-हुईने, कॅलेंडर टांगायला भिंतीत खिळा मारला होता. आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, खिळ्याचा काही संबंध नाही. असेल नसेल. तो खिळा भिंतीत तसाच राहिला, कारण काढायचा म्हणजे पुन्हा हातोडी आली.

आता खिळ्याची ही कथा, तर स्टेशनासकट अख्खं घर उचलायचं म्हणजे काय. आणि दुसरी रीत अशी, की पहिले तीन महिने पोटातली बातमी पोटातच ठेवायची. उघड केली तर देव बिथरतो. म्हणून चिमच्या तोंडाला कुलूप. कारण सांगता येईना आणि स्टेशन हलवू देता येईना.

बैठक स्टेशनाच्या प्रतीक्षालयात भरली. चिम दारात उभी होती, हातात खराटा.

"यंत्रं या महिन्यापुरतीच आहेत," गो म्हणाला. "पुढे ती दुसऱ्या कामावर जातील आणि इथे पुलाचं काम सुरू होईल. आत्ता हलवलं नाही, तर पाडावं लागेल. माझ्या हातात असतं तर मी थांबलो असतो, आ-चिम."

"पाडायचंही नाही," चिम म्हणाली.

"हलवायचं नाही, पाडायचं नाही. मग पुलाचा खांब काय तुझ्या डोक्यावर उभारायचा?" हे मी बोललो. माझी जीभ कात्रीपेक्षा लवकर चालते.

पीक-हा उठली. टोफूची खीर विकते, आवाज असा की तिला गाडीवर घंटा लागत नाही. "मला विचारा. नव्या इमारतीत फ्लॅट मिळालाय हिला. लिफ्टवाला. आम्हाला रविवार रविवार उन्हात बसवलं आणि आता बाई लिफ्टने वर जाणार."

"पीक-हा, मला लिफ्टमध्ये चक्कर येते हे तुला ठाऊक आहे."

"पैशाची चक्कर वेगळी असते."

लोक हसले.  चिम खराट्याच्या काड्या एका बाजूला वळवत उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. चिम गप्प बसते तेव्हा काहीतरी फार जड उचललेलं असतं. पण त्या दिवशी मला राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाला ओळखबिळख काही आठवत नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडून सू-लान आली. मुळात बोलणारी नव्हे ती. माझ्या दुकानात बेंग-हुईला घेऊन यायची आणि हाताच्या खुणेने दाखवायची, एवढे कमी करा म्हणून. सासूच्या शेजारी उभी राहिली आणि तिने तिच्या हातातला खराटा धरला.

"आत जा," चिम म्हणाली. "सू-लान, आत जा म्हणते ना."

"तीन महिने व्हायला थोडे दिवस कमी आहेत," सू-लान म्हणाली. "पण माझ्यापायी आईंना कुणी असं बोललेलं मला चालणार नाही. मला दिवस गेलेत. म्हणून त्या नाही म्हणतायत. दुसरं काही नाही."

चिमने डोळे मिटले. बेंग-हुई खिडकीपाशी होता, तो भिंतीला टेकला. 

सगळ्यात आधी पीक-हा खाली बसली. मग परत उठली आणि गोकडे बोट केलं. "काय हो, यंत्रंबिंत्रं घेऊन जा. काही हलवायचं नाही."

"पण मगाशी तुम्हीच—"

"मगाशीचं मगाशी. बाई पोटुशी आहे, दिसत नाही का?"

"दिसत नाही अजून," गो प्रामाणिकपणे म्हणाला.

बघता बघता सगळ्या म्हाताऱ्या उलटल्या. गोने सुचवलं, की सू-लानला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवता येईल. त्याच्याकडे सगळ्यांनी अशा नजरेने पाहिलं, की बिचारा हेल्मेट चाचपू लागला. गरोदर बाईने घर बदलायचं नसतं, देव मागेपुढे शोधत राहतो आणि चुकतो. म्हणजे घरही हलायचं नाही आणि बाईही हलायची नाही. आणि काहीच केलं नाही, तर बाळ येण्याआधी हातोडे घेऊन माणसं यायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे सू-लान.

"खुर्ची द्या कुणीतरी तिला," मी म्हणालो. तेवढंच सुचलं मला.

सू-लान बसली. चिम तिच्याजवळ उभी होती, आता घाबरलेली दिसत होती, उघड घाबरलेली. बातमी बाहेर पडली ती पडलीच. खाली बघत होती. खाली बघता बघता तिची नजर हातातल्या खराट्यावर थांबली.

"पीक-हा," ती म्हणाली, "तुझी सून पोटुशी होती तेव्हा छप्पर गळत होतं. कपाट हलवलं होतंस ना?"

"हो. हलवलं. कपडे भिजत होते."

"कसं हलवलंस?"

"कसं म्हणजे? सगळे हलवतात तसं. आधी केरसुणीने झाडून घेतलं वरपासून खालपर्यंत. देवा, जरा सरकून घ्या, म्हटलं. मग हलवलं."

"आणि?"

"आणि काय. नातू बघतेस ना माझा. एवढा जाडा, की दारातून आडवा जातो."

"कपाट झाडता येतं," चिम म्हणाली, "तर स्टेशन का नाही झाडता येणार?"

कुणी हसलं नाही. आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आजवर कुणाच्या घराला चाकं लागली नव्हती. म्हाताऱ्या आपसात कुजबुजल्या. सगळं झाडायला हवं, म्हणाल्या. प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, कौलंसुद्धा. एक कोपरा राहिला आणि देव नेमका तिथे बसलेला असला, तर सगळं फुकट. चिमने सुनेकडे पाहिलं.

"तुझं पोट आहे. तू सांग."

सू-लानने बराच विचार केला. "आई झाडणार असतील तर चालेल," ती म्हणाली.

मग सगळे गोकडे वळले. मला वाटलं आता हा शिकलेला माणूस काहीतरी बोलेल आणि मार खाईल. त्याने एवढंच विचारलं, "झाडायला किती वेळ लागेल? त्याप्रमाणे माणसांना बोलावतो."

त्या सकाळी नाबे गावात एक घर असं नव्हतं जिथे केरसुणी उरली होती. खराटे, कुंचे, केरसुण्या, लांब बांबूला बांधलेले झाडू. शाळेच्या मास्तरीणबाई वर्ग घेऊनच आल्या. देवळाचा पुजारी आला, त्याने गाभाऱ्यातला कुंचा आणला होता. गोची माणसं दोरानं बांधून घेऊन कौलांवर चढली आणि वरून झाडत खाली आली. जो तो हाताखालच्या लाकडाला हळू आवाजात तेच म्हणत होता. देवा, जरा सरकून घ्या. देवा, जरा सरकून घ्या. पीक-हालाही त्या दिवशी हळू बोलता आलं. मी पोर्चचा खांब घेतला होता, गोळ्यांचा. एकेका भोकात दाढीचा ब्रश घालून झाडलं. माझा देवाधर्माशी फार संबंध नाही. पण ब्रश घालताना मी म्हणत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बेंग-हुईने त्या खिळ्याभोवती एवढं झाडलं, की कॅलेंडर फाटलं.

सू-लान माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून हे सगळं आरशात बघत होती. गरोदर बाईसमोर कात्री चालवत नाहीत, म्हणून मी सगळ्या कात्र्या ड्रॉवरमध्ये कोंडल्या होत्या.

यंत्रं सुरू झाली. फटाके कुणी लावले नाहीत, पोटातल्याने दचकू नये म्हणून. स्टेशन आधी कण्हलं. जुनं लाकूड, त्याला सवय नव्हती. मग सरकलं. चालतंय हे डोळ्यांना कळत नव्हतं. आरशात बघितलं तर गोल खिडकी चौकटीच्या बाहेर जाऊ लागली होती. सू-लान म्हणाली, मला घराच्या बाजूने चालायचंय. मग मी खुर्ची घेऊन तिच्या मागे. घर थोडं पुढे गेलं की खुर्ची थोडी पुढे. आमच्या मागे अख्खं गाव, खांद्यावर खराटे घेऊन.

अर्ध्या वाटेत चिम थांबली. 

"सामानाची खोली," ती म्हणाली. "सामानाची खोली कुणी झाडली?"

पीक-हाला वाटलं होतं पुजाऱ्याने. पुजाऱ्याला वाटलं होतं मास्तरीणबाईंनी. मास्तरीणबाईंना वाटलं, कुलूप होतं म्हणजे चिमने आधीच झाडून लावलं असणार. कुलूप गोच्या माणसांचं होतं, आत अवजारं होती. सू-लानने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी तिच्याकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती.

गोने शिट्टी मारली. यंत्रं थांबली. असं मधेच थांबवायचं नसतं, हे त्याच्या मुकादमाच्या तोंडावरच लिहिलं होतं. गोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःचं हेल्मेट काढून चिमच्या डोक्यावर ठेवलं, तिच्या हनुवटीखाली पट्टा लावला आणि कुलूप काढलं. चिम खराटा घेऊन आत गेली. आम्ही सगळे बाहेर. आतून आधी झाडण्याचा आवाज आला, तोच, सकाळचा, जो ऐकून आम्ही जन्मभर उठलो. मग ती बोलू लागली. वाक्य खरं तर एवढंसं आहे, पण आत ती बराच वेळ बोलत होती, आणि लाकडी भिंतीतून शब्द न शब्द ऐकू येत होता.

"याच खोलीत जन्मले मी. कुणाला नको होते. छप्पर नव्हतं, खायला नव्हतं, तरी जगले. तेव्हा इथे तुम्हीच बसला होतात ना? मग ओळखता मला. इतकी वर्षं तुमची जागा झाडली, कधी काही मागितलं नाही. आज मागते. माझ्या सुनेचं राहू द्या. आणि देवा, आता जरा सरकून घ्या."

पीक-हा रडत होती. मीही रडलो. गोने पाठ फिरवली आणि वडाकडे बघत राहिला. चिम बाहेर आली, हेल्मेट कानावर आलेलं.

"झालं," ती म्हणाली. "सरकले ते. चालू द्या."

संध्याकाळपर्यंत स्टेशन वडाशेजारी जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी मी माझा आरसा काढून दुसऱ्या भिंतीवर लावला. खिळे ठोकायला दुकान माझं, तिथे देव नव्हता.

आता गाड्या वरच्या पुलावरून जातात आणि जुन्या स्टेशनात लोक गाडीची वाट बघत गप्पा मारतात. मागे क्वार्टरमध्ये चिमचं घर पूर्वीसारखंच आहे. त्याच वर्षी थंडी सुरू झाल्यावर सू-लानला चियायीच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी टॅक्सी स्टेशनासमोर थांबली. सगळं गाव पोर्चमध्ये जमलं होतं. गोला कुणी कळवलं कोण जाणे, तोही तैपेईहून आला होता, हातात कोंबडी घेऊन, बाळंतिणीच्या सूपासाठी. चिम गाठोडं छातीशी धरून उतरली.

"काय झालं?" पीक-हाने विचारलं.

"मुलगी."

पीक-हाच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या धीर द्यायला जे म्हणत आल्या, तेच तिच्या तोंडून निघालं.

"असू दे," ती म्हणाली.

चिम पायरीवर थांबली. गोळ्यांच्या खांबाशी. तिने गाठोड्यावरचं फडकं बाजूला केलं, तोंड सगळ्यांना दिसेल असं.

"असू दे नाही, पीक-हा," ती म्हणाली. "हवी होती. हिच्या कानाशी ये आणि नीट म्हण. हवी होती."

पीक-हा पुढे झाली. पदर नसतो आमच्यात, तिने अॅप्रनला हात पुसले, खाली वाकली आणि म्हणाली. मग पुजारी म्हणाला, मास्तरीणबाई म्हणाल्या, गो म्हणाला. रांग लागली. माझी पाळी आली तेव्हा पोरीने डोळे उघडले होते. मी म्हणालो आणि चिमकडे पाहिलं, तर ती पोरीकडे बघत नव्हती. कान देऊन ऐकत होती, एकेकाचं, शेवटपर्यंत.